ऐकणाऱ्याच्या पाठीशी कोण?

“डॉक्टर, तुम्ही महिन्यातून दोनदा तालुक्याला येता, पन्नास-साठ केसपेपर संपवता आणि संध्याकाळी निघता. मधल्या दिवसांत त्या माणसांजवळ कोण असतं?”

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका संस्थेत काम करतात. गावोगावच्या बायकांना समुपदेशन शिकवायचं आणि पुढं त्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं, ही त्यांची जबाबदारी. ज्यांना विचारलं ते मनोविकारतज्ज्ञ. उमेदीची वर्षं प्रादेशिक मनोरुग्णालयात गेली, आता जिल्हा रुग्णालयात आहेत. दोघंही प्रातिनिधिक. अशा ताई आणि असे डॉक्टर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भेटतात आणि त्यांच्यात हा वाद होतोच. ग्रामीण रुग्णालयातली ओपीडी आटोपून चहा येईपर्यंत तो पुन्हा एकदा सुरू झाला होता.

“कुणी नसतं,” डॉक्टर म्हणाले. “देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही, पाऊण भरतो. त्यातले बहुतेक शहरांत. बेंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ साली बारा राज्यांत सर्वेक्षण केलं, तेव्हा दर दहा प्रौढांमागे एकाला काही ना काही मानसिक आजार आढळला. आणि आजारागणिक पाहिलं तर ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपल्याकडं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. हे सगळं मान्य. पण डॉक्टर नाहीत म्हणून थोडंसं शिकवलेल्या बाईला माझ्या खुर्चीत बसवायचं, हे मला पटत नाही.”

“खुर्ची तिला नकोच आहे. ती ओट्यावर बसते. तुमच्याकडं येणारी बाई अंग दुखतं, झोप लागत नाही, डोकं जड होतं एवढंच सांगते, आणि तीन मिनिटांत गोळ्या घेऊन बाहेर पडते. ओट्यावर तीच बाई अर्ध्या तासानं सांगते की नवरा पितो, सोसायटीचं कर्ज थकलंय आणि चार महिन्यांपासून ती माहेरी फोन करत नाही.”

इथपर्यंतचा वाद कुणालाही पाठ असेल. तो पुढं सरकतो तो गोव्यामुळं. सामान्य शिक्षणाच्या, आरोग्यशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्यावर उपचार करता येतात का, हे तिथं काटेकोरपणे तपासून पाहिलं गेलं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. तिच्या ‘मानस’ या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुढं त्याच संस्थेनं एक छोटी उपचारपद्धती बेतली. सहा ते आठ बैठका, कधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, कधी रुग्णाच्या घरी. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: देवळात जाणं, शेजारी डोकावणं, रेडिओ लावणं, वेणीफणी. जितकं सोडतो तितकं मन आणखी खाली जातं. समुपदेशक त्याच्याशी बोलून यातली एखादी गोष्ट पुन्हा सुरू करायला लावतात आणि पुढच्या बैठकीत ती जमली का, कुठं अडलं, हे विचारतात. दहा आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या माणसांवर हे करून पाहिलं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं.

ताईंना हे आकडे तोंडपाठ आहेत. “चौसष्ट, डॉक्टर! आणि समुपदेशक कोण, तर आपल्यासारखीच माणसं.”

“मग उरलेले छत्तीस?” डॉक्टरांनी लगेच विचारलं. “ते कुठं जाणार? आणि ‘मानस’चे निष्कर्ष नीट वाचा. समुपदेशकांचा फायदा दिसला तो सरकारी केंद्रांत. खासगी फॅमिली डॉक्टरांकडं काही फरक पडला नाही, कारण तिथले रुग्ण एरवीही बरे होत होते. ओळखीचा डॉक्टर, जरा जास्त वेळ, विचारपूस. म्हणजे सरकारी केंद्रातला डॉक्टर घाईत नसता, तर तुमच्या समुपदेशकाची गरजच कमी भासली असती.”

मुद्दा बिनतोड आहे. पण तो डॉक्टरांना वाटतो तितका ताईंच्या विरोधात जात नाही. सरकारी केंद्रातली घाई उद्या संपणार नाही; ती संपेपर्यंत तो अर्धा तास कुणीतरी द्यायलाच हवा.

गोव्याच्या कामातला एक तपशील मात्र या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. रुग्णाच्या संमतीनं बैठकांचं ध्वनिमुद्रण होई. ठरलेल्या दिवशी समुपदेशक एकत्र बसत, एखादं मुद्रण लावत आणि सगळ्या मिळून ऐकत. सहकारी कुठं घाईनं सल्ला देऊन मोकळी झाली, रुग्ण काही सांगू पाहत असताना तिनं विषय कुठं बदलला, घरी करायचं काम नेमकं ठरलं की मोघम राहिलं, अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेल्या पट्टीवर गुण द्यायचे. ज्या बाईचं मुद्रण ती समोरच बसलेली. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत, मग हळूहळू ही बैठक समुपदेशकच चालवू लागल्या. आपलं काम मैत्रिणींसमोर उघडं करायचं, तेही दर वेळी, हे सोपं नाही. आरोग्यसेवेत किती व्यावसायिक आपली तपासणी अशी सहकाऱ्यांना ऐकवतील?

डॉक्टर यावर थोडा वेळ गप्प राहिले. “माझी ओपीडी कुणी ऐकलेली नाही,” ते म्हणाले. “शिकत होतो तेव्हा सर शेजारी बसत. त्यानंतर नाही.”

ताईंनी संधी साधली नाही; त्या विदर्भाकडं वळल्या. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातच राहणाऱ्या कार्यकर्त्या लहान बैठका घेत, घरोघरी जात. त्यांच्या वर समुपदेशक आणि त्यांच्याही वर अधूनमधून येणारे मनोविकारतज्ज्ञ. प्रकल्पापूर्वी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कुठं मदत घेतली होती. दीड वर्षानं ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी ज्या भागाची ओळख पुसून टाकली, तिथली ही आकडेवारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या झाल्या. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

“सत्तावीस टक्के म्हणजे अजून त्र्याहत्तर बाकी आहेत, हे मीही म्हणू शकतो,” डॉक्टर म्हणाले, “पण म्हणणार नाही. माझी खरी काळजी वेगळी आहे. तुमचं सगळं बोलणं नैराश्याभोवती फिरतं. ज्याला आवाज ऐकू येतात, जो जेवणात विष आहे म्हणून उपाशी राहतो, त्याला ओट्यावरच्या गप्पांनी उतार पडत नाही. त्याला औषध लागतं, वेळेवर लागतं. ते मिळत नाही तेव्हा काय होतं ते एरवाडीला दिसलं.”

एरवाडी तमिळनाडूत आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्यानं मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी आश्रयस्थानं उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यातल्या एकाला आग लागली. आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण गेले. ती माणसं तिथं घरच्यांनी आणून सोडली होती, आणि घरच्यांपुढं त्या वेळी दुसरा कुठला दरवाजा होता, हा प्रश्न डॉक्टरांना आजही सोडत नाही.

“आपल्याकडं अजूनही आधी देवर्षी, मग भगत, मग मी,” ते म्हणाले. “माझ्याकडं येईपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असतात.”

“म्हणून तर साताऱ्याच्या ‘परिवर्तन’नं मानसमित्र तयार केले ना? तेही गावातलेच लोक. अंगात येणाऱ्या बाईला न दुखावता डॉक्टरांपर्यंत आणायचं, हे काम बाहेरच्या माणसाला जमत नाही. आणि औषध म्हणाल, तर तुमच्या औषधाचं घरात काय होतं ते तरी तुम्हाला कळतं का?”

मग ताईंनी एका घरातली हकिकत सांगितली. तिशीतला मुलगा, स्किझोफ्रेनिया. गोळी समोर धरली की थुंकून टाकायचा. आईनं उपाय काढला: गोळी वरवंट्याखाली बारीक करायची आणि त्याच्या वाटच्या भाकरीच्या पिठात मळायची. ती भाकर तव्यावरून काढताना ती तिच्या कडेला नखानं एक खूण करी, म्हणजे ताटं वाढताना घोटाळा व्हायला नको. मुलगा बराच सावरला, आणि सावरला तसा गुरुवार धरू लागला. गुरुवारी भाकरी नाही, म्हणजे गोळी नाही. पुढं एकादशी, संकष्टी. झोप पुन्हा बिघडली, बडबड वाढली. ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? आई हो म्हणाली. डोस वाढला. गावातली कार्यकर्ती एका संध्याकाळी चुलीपाशी बसली होती, तेव्हा तिला ती खूण दिसली.

“अशी कितीतरी घरं आहेत,” ताई म्हणाल्या. “चोरून औषध देणं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण ते चाललंय हे केसपेपरवर कधीच येणार नाही.”

डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, की त्या मुलाला महिन्यातून एकदा इंजेक्शन देता येईल असं त्याच्याशी कुणी बोललं का. बोललं होतं, कार्यकर्तीच बोलली होती, आईला शेजारी बसवून. तो तयार झाला होता.

इथं दोघांनाही अडचणीत आणणारा तिसरा आवाज आठवतो, तो भार्गवी दावर यांचा. त्यांनी बालपणी आपल्या आईला मनोरुग्णालयात डांबलेलं पाहिलं होतं. १९९९ साली त्यांनी पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला, तो आईच्या नावानं. पुण्याच्या वस्त्यांमध्ये ट्रस्टनं समुपदेशन, कला, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आधार, आहार यांच्या साह्यानं काम उभं केलं. दावर २०२४ साली गेल्या. मनोविकारशास्त्राकडं त्या रुग्णाच्या बाजूनं पाहत आल्या, आणि उपचारांची तूट भरून काढू या ही घोषणाच त्यांना धोक्याची वाटे: त्या वाटेनं गावोगाव पोचतील ती औषधंच, आणि माणसाच्या संमतीला पुन्हा कुणी विचारणार नाही.

डॉक्टरांना हे टोकाचं वाटतं. मात्र प्रादेशिक मनोरुग्णालयात काय पाहिलं, हे ते लपवत नाहीत. बरी होऊनही घरचे न्यायला आले नाहीत म्हणून वर्षानुवर्षं तिथंच राहिलेली माणसं त्यांच्या वॉर्डात होती. देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीत सुमारे ३६ टक्के रहिवासी एक वर्षाहून जास्त काळ तिथंच असल्याचं आढळलं होतं. “त्यांना आजारानं अडवलेलं नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “पन्नाशीच्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथं राहायला बोलावलं. घरचे शेजारी राहिले, आजार समजून घेतला आणि रुग्णाला घेऊन गेले. हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं. आपण तंबू काढून टाकले आणि भिंती तेवढ्या ठेवल्या.”

“म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे निघालात,” ताई हसल्या.

“थांबा. आता मी विचारतो. तुमच्या गावातल्या बायकांना तुम्ही काय देता?”

ताईंच्या बोलण्याचा वेग इथं पहिल्यांदा मंदावला. प्रवासखर्च, बैठकीला येण्याचा थोडा भत्ता, ओळखपत्र. बाकी काम स्वेच्छेचं. त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’चा दाखला दिला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा हा उपक्रम पुढं गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठा झाला. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे, ज्याच्याकडं लोक आपण होऊन येतात, अशी माणसं हेरायची, त्यांना शिकवायचं, आणि त्यांनी चार-सहा भेटींत माणसाला सावरायचं. शिवाय सरकारी योजनांपर्यंत पोचवायचं. हा शेवटचा भाग ताईंना सगळ्यात जवळचा. “मन हलकं झालं तरी घरात दाणा नसेल तर ते किती दिवस हलकं राहील? संजय गांधी निराधार योजनेचे पैसे सुरू झाले की अर्धी झोप परत येते. आणि आजार जुना असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला. १९९५ च्या कायद्यापासूनच मानसिक आजारही त्यात आहे. पण त्यासाठी सही तुमची लागते, डॉक्टर, आणि त्या सहीसाठी माणसाला जिल्ह्याला चार-चार खेपा घालाव्या लागतात.”

“सही मी इथं करीन. पण तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.”

“पगार सुरू झाला की ती शेजारीण राहत नाही,” ताई म्हणाल्या. “ती सरकारची माणूस होते. मग लोक तिच्याशी तसं बोलत नाहीत.”

“आशाशी बोलतात की! आशाला सगळं गाव सांगतं, पाळी चुकल्यापासून. तिला आपण मोबदल्यावर ठेवलं, कामं वाढवत नेली, आणि त्या मोबदल्यासाठी आशांना वर्षानुवर्षं संपावर जावं लागलं. आता तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म ती भरते, त्यात उदासीबद्दलचे दोन प्रश्नही आलेत. ती खूण करते. त्या खुणेचं पुढं काय करायचं, हे तिला कोण सांगतं? दुसऱ्याची आत्महत्येची गोष्ट ऐकून ती घरी जाते, तेव्हा तिला झोप लागते का, हे कोण विचारतं? तुम्ही मला विचारलंत, मधल्या दिवसांत माणसांजवळ कोण असतं. मी विचारतो, तुमच्या बायकांजवळ कोण असतं?”

या मुद्द्यावर डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे. समाजातल्या मानसिक आरोग्याबद्दल बोलताना शेजारधर्माचा गौरव फार होतो आणि त्या शेजारधर्माचा भार कुणाच्या अंगावर पडतो, याचा हिशेब होत नाही. तो बहुतेक वेळा बाईच्या अंगावर पडतो, आणि तीही अशी बाई की जिची स्वतःची मजुरी त्या दिवशी बुडते. गोव्यातल्या समुपदेशकांना कामाचा मोबदला होता आणि त्यांच्या पाठीशी ती ऐकण्याची बैठक होती. आकड्यांत दिसलेला गुण त्या दोन्हींसकट आलेला आहे. समुपदेशक तेवढे उचलायचे आणि बैठक व मोबदला मागं ठेवायचा, असं केलं तर तो गुण येईल, असं धरून चालण्याला काही आधार नाही.

आणि ही जबाबदारी आपली नाही, असं सरकार म्हणू शकत नाही, कारण कायदा मंजूर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. परवडणारी मानसिक आरोग्यसेवा जवळपास मिळणं हा त्यानं हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची, हेही त्यात आलं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासून आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर चालू आहे, तोही उपयोगी. पण फोनच्या पलीकडचा आवाज चुलीपाशी बसून भाकरीवरची खूण पाहू शकत नाही.

चहा केव्हाच येऊन निवला होता. दोघांनी एक कागद पुढं ओढला. पुढच्या ओपीडीच्या आदल्या दिवशी ताईंच्या कार्यकर्त्या आपापल्या गावातल्या रुग्णांबद्दल चार ओळी लिहून पाठवतील: गोळी कोण देतं, कशी देतं, घरात काय घडलं. रुग्णाला विचारल्याशिवाय एक ओळही नाही, ही अट ताईंनी घातली. ओपीडी संपल्यावर डॉक्टर तासभर थांबतील आणि कार्यकर्त्यांसोबत बसतील. दाखल्यांचं शिबिर तालुक्यालाच घ्यावं आणि कार्यकर्त्यांच्या मोबदल्याची तरतूद जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून व्हावी, असं पत्र दोघांच्या सहीनं जाईल.

त्या तासाला कुणाचं मुद्रण ऐकायचं, यावर मात्र जमलं नाही. ताईंचं म्हणणं, कार्यकर्त्यांचं ऐकायचं तर डॉक्टरांच्या ओपीडीतलंही एखादं ऐकायचं, आणि गुण सगळ्यांनी द्यायचे. डॉक्टर म्हणाले, सरकारी ओपीडीत असं मुद्रण करायचं तर आधी परवानगी लागेल. “मग पत्रात तेही लिहा,” ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी पेन उचललं, पण ते कलम पत्रात घालायचं की नाही यावर दोघांचं बोलणं गाडीपर्यंत चालूच राहिलं.